बोलणारीने कप धुवायचे

किटलीची टोपी वर्षातून एकदाच बाहेर निघत असे. हिवाळा चांगला मुरला, खिडकीच्या काचा आतून धुरकटू लागल्या, की उसवणी कपाटाच्या तळातून ती काढायची, झटकायची आणि दुपारभर उन्हात ठेवायची. इस्पितळातल्या एका जुन्या राखाडी ब्लँकेटची ती टोपी. दोन पदर, मधे कापसाचा थर, आणि समोर दर्शनी भागावर निळ्या शाईत ठळक शिक्का, ‘रद्द’. ती किटलीवर चढवली की चहा दुसऱ्या फेरीपर्यंत कडकडीत राहायचा. एवढी ऊब तर रोग्यालाही कधी मिळाली नसेल, असे कात्री दरवर्षी म्हणायची आणि दरवर्षी जीभ चावायची, कारण हे बोलणे नियमात बसत नव्हते. मग उरलेल्या तिघी एका सुरात सांगायच्या की आज कप कात्री धुणार.

उसवणी, कात्री, शाईताई आणि इस्त्रीबाई. खरी नावे होतीच, पगाराच्या दिवशी तीच पुकारली जात. पण इस्पितळाच्या तळघरातल्या कापडखोलीत ज्या कामाला जी बसली, तेच तिचे नाव झाले, आणि ते जन्माला पुरले. कात्री कापड बेतायची आणि माणसेही. इस्त्रीबाई गरम इस्त्रीपाशी इतकी वर्षे उभी राहिली की जगात तिला सगळीकडे थंडीच वाजायची. शाईताई प्रत्येक चादरीवर, अभ्र्यावर, झग्यावर त्या त्या वॉर्डाचा शिक्का मारायची. तिची बोटे कायम निळी. लग्नात नवऱ्याने हात हातात घेतला तेव्हा त्याला वाटले होते हिला काही आजार आहे, ही गोष्ट ती स्वतःच रंगवून सांगायची.

आणि उसवणी. तिचे काम शिवायचे, पण कुठलीही शिवण मनासारखी नसली की ती उसवायचीच. स्वतःची तर उसवायचीच, शेजारणीचीही. ‘अगं, राहू दे ना आता,’ असे तिला सगळ्यांनी सांगून पाहिले होते. आईने, नवऱ्याने, कापडखोलीने. तिला राहू देता येत नसे.

तिच्या हातचे मोठे काम म्हणजे विरलेल्या चादरी. चादर नेहमी मधोमध विरते, जिथे माणूस निजतो तिथे. कडा मात्र नव्यासारख्या धड असतात. अशी चादर मधोमध उभी फाडायची, दोन्ही बाहेरच्या कडा आत आणून एकमेकींना जोडायच्या, आणि विरलेला भाग कडेला जाऊन गादीखाली खोचला जाईल असे करायचे. चादरीला आणखी काही वर्षे मिळायची. फक्त मधून एक शिवण जायची आणि ती रोग्याच्या पाठीला लागायची. उसवणीची शिवण तेवढी लागत नाही, असा तिचा लौकिक होता. ती ती शिवण नखाने घासून घासून सपाट करायची.

नियम घालून दिला तो मोठ्या बाईंनी. मोठ्या बाई म्हणजे कापडखोलीच्या प्रमुख, कधी आवाज न चढवणाऱ्या आणि म्हणूनच सगळ्यांना धाकात ठेवणाऱ्या. कापडखोलीत रोगी कधी येत नसे, त्याचे कापड येई, आणि कापडावरून माणूस कळे. घाईघाईने समोरून कापलेला झगा आला की कळायचे, वर काहीतरी धावपळ झाली. लहान मुलांच्या वॉर्डाचे इवले झगे मोजून जायचे तसे मोजून परत यायचे, आणि कधी मोजणी बरोबर असूनही कुणीतरी विचारायचे, तो बदकांचा झगा मागणारा पोरगा गेला का गं घरी? अशाने चहाची वेळ म्हणजे रडायची वेळ होऊन बसली. एकदा इस्त्रीबाई, तेव्हा नवीनच लागलेली, एका झग्याकडे बघत उभी राहिली आणि इस्त्रीखाली अभ्रा जळून गेला. मोठ्या बाईंनी जळका अभ्रा शांतपणे घडी करून बाजूला ठेवला आणि सांगितले की आजपासून चहाच्या वेळी आजार आणि मरण, दोघांनीही दाराबाहेर थांबायचे. जी त्यांना आत आणेल तिने सगळ्यांचे कप धुवायचे.

तळघरातल्या नळाचे पाणी हिवाळ्यात हाडापर्यंत जायचे. शिक्षा चांगलीच झोंबायची.

हळूहळू त्या नियमाला फाटे फुटले. शिंक आली तर चालेल, पण ‘सर्दी झालीय’ म्हटले तर कप. पाय दुखतोय म्हणायचे नाही, पण पाय दाबून दिला तर हरकत नाही. कात्रीने एकदा चहाला बसल्या बसल्या सासूच्या दम्याचे साग्रसंगीत वर्णन केले आणि उठून बाह्या वर करत म्हणाली, आता धुते, पण बोलले बाई, पोट हलकं झालं. मोठ्या बाईंनी त्यावर एवढेच म्हटले की नियम आहेच त्यासाठी. तेव्हा ते वाक्य कुणी मनावर घेतले नाही.

उसवणीचा नवरा गेला तेव्हा ती काटकीसारखी वाळून कामावर परत आली होती. चहाची घंटा झाली. कुणी तिला काही विचारले नाही. त्या दिवशी चहाबरोबरच्या पावाचा आकार लहान होत चालला आहे यावर खडाजंगी झाली. कात्रीने टेपने पाव मोजला. उसवणीला आधी राग आला. या बायकांना काळीज आहे की नाही? पण आठवडाभराने तिच्या ध्यानात आले की घरी, दारी, रस्त्यात, सगळीकडे ती विधवा असते, आणि चहाच्या वेळेपुरती नसते. तेवढ्या वेळात ती पुन्हा नुसती उसवणी असते. त्या पावाच्या वादात तिने मग हिरीरीने भाग घेतला.

हे तिला आठवायला हवे होते. पण त्याबद्दल पुढे.

इस्पितळाने कापडाचे काम बाहेर देऊन टाकले, कापडखोलीला कुलूप लागले, आणि चौघी एकामागून एक घरी बसल्या. शेवटच्या दिवशी शाईताईने ‘रद्द’चा शिक्का शाईत बुडवला आणि आधी स्वतःच्या मनगटावर, मग बाकी तिघींच्या मनगटांवर मारला. आपण आता मोडीत निघालो, पुसून टाकू नका गं, असे ती म्हणाली आणि एवढी हसली की तिला उचकी लागली. मोडीत काढलेल्या एका ब्लँकेटची ती टोपीही त्याच दिवशीची. तेव्हापासून हिवाळ्यातला चहा उसवणीच्या घरी. तिची पुढची खोली दक्षिणेला, दुपारचे ऊन थेट सोफ्यापर्यंत येई. विजेची शेगडी, पायांवर घ्यायला शाली, टोस्ट, लोणी आणि सकाळी केलेला केक. आणि नियम, तोच.

त्या वर्षी चहाच्या आधीच्या आठवड्यात उसवणी डोळ्यांचे थेंब आणायला इस्पितळात गेली होती. लांबलचक पॅसेजमध्ये बाकावर टेकावे म्हणून ती वळली आणि समोरच्या जिन्यावरून शाईताई उतरताना दिसली. शेजारी तिची लेक, हातात मोठा पिवळा लखोटा. शाईताई कठडा धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत उतरत होती. तो जिना फक्त एकाच वॉर्डाकडे जात असे. कापडखोलीतल्या कुणालाही तो सांगावा लागला नसता. त्या वॉर्डाला नव्या चादरी कधी पाठवायच्या नाहीत, असा मोठ्या बाईंचा दंडक होता. तिथल्या माणसांच्या कातडीला नवे कापड टोचते. धुऊन धुऊन सायीसारख्या झालेल्या चादरी वेगळ्या काढायच्या आणि शाईताईने त्यांवर गोल शिक्का मारायचा. गोल शिक्का म्हणजे वरचा वॉर्ड. तिथून माणसे घरी जात, पण परत यायला.

उसवणी बाकावर बसली नाही. ती खांबामागे गेली. का गेली हे तिला स्वतःलाही नीट सांगता आले नसते. मायलेकी निघून गेल्यावरही ती बराच वेळ तिथेच उभी होती, आणि डोळ्यांचे थेंब न घेताच घरी आली.

मग तिने वाट पाहिली. शाईताईचा फोन येईल, ती सांगेल. फोन आला, चहाच्या आदल्या दिवशी. शाईताईने विचारले की यंदा केक संत्र्याचा की मागच्यासारखा कोरडा ठक्क? उसवणीने संत्र्याचा म्हटले. शाईताई म्हणाली, देव पावला. फोन संपला. एवढ्या वर्षांची मैत्री, आणि हिला मला सांगावेसे वाटत नाही? उसवणीला रडू आले, आणि त्यात दुःख किती आणि मान दुखावल्याचे किती, हे वेगळे करता येईना.

तिने सुनेला सांगितले. सून शाळेत शिकवायची, शांत, समजूतदार. तिने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, “आई, त्यांना बोलावंसं वाटत असेल, पण कुठे बोलणार? तुमच्याकडे तर बंदीच आहे. बोलू द्या त्यांना. माणसाचं मन मोकळं झालं पाहिजे.”

उसवणीला ते पटले. पटले म्हणजे अंगावर काटाच आला. आपणच वर्षानुवर्षे तिच्या तोंडावर हात ठेवून बसलो आहोत, असे तिला वाटले. रात्री अंथरुणात पडल्यावर तिने नियम उसवायचे ठरवून टाकले.

चहाच्या दिवशी ऊन लख्ख होते आणि हवा बोचरी. इस्त्रीबाई सगळ्यांत आधी आली आणि शेगडीसमोरची खुर्ची धरून बसली. तिने दोन स्वेटर घातले होते आणि तिसरा पिशवीत आणला होता. कात्री आली ती दारातूनच केकचा वास घेत. संत्र्याच्या सालीची बचत केलेली दिसत नाही, असा तिने शेरा मारला. शाईताई शेवटी आली. नवा रुमाल डोक्याला घट्ट बांधलेला, गालांची हाडे वर आलेली, पण ओठांवर हलकी लाली. ती कधी ओठ रंगवत नसे. कात्रीने तिला वर-खाली पाहिले आणि कुणाशी लग्न ठरलेय का म्हणून विचारले. शाईताई म्हणाली, मुलगा चांगला आहे, पण तुझ्यासारखीच जीभ आहे, म्हणून विचार करतेय.

ती सोफ्यावर उन्हाच्या पट्ट्यात बसली. पायांवर शाल घेतली. किटलीवरची टोपी पाहून तिने त्या निळ्या शिक्क्यावर बोट टेकवले, जुन्या ओळखीच्या माणसाला टेकवावे तसे. मग पाठ मागे टेकली आणि डोळे मिटून एक मोठा श्वास सोडला. दमलेले माणूस घरी पोचल्यावर सोडते तसा. उसवणीने तो पाहिला, आणि त्याचा अर्थ नेमका उलटा लावला.

पहिला कप भरून झाल्यावर ती म्हणाली की यंदा नियम नाही. ज्याला जे बोलायचे ते बोला, दुखणे-खुपणे, काहीही. कप ती स्वतः धुईल.

शाईताईचा कप ओठांपाशी थांबला.

“का गं?” कात्रीने विचारले. “काय झालंय?”

काही नाही, उसवणी म्हणाली, आपली वये झाली, आता कशाला लपवाछपवी.

मग एकदा बांध फुटला तो फुटलाच. इस्त्रीबाईने रक्तदाबापासून सुरुवात केली आणि गुडघ्यांपर्यंत उतरली. कात्रीच्या एका डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता आणि दुसऱ्यात पिकायचा होता. तिने दोन्हींची हकीकत सांगितली. इस्त्रीबाईच्या भावाला झटका आला होता. कात्रीच्या जावेला त्याहून मोठा आला होता. टोस्ट गार झाले, लोणी त्यांवर पांढरे थिजले. ज्या खोलीत वर्षानुवर्षे पावाचा आकार, कॅन्टीनवाल्याचे केस, मोठ्या बाईंच्या चपलांचा आवाज असल्या गोष्टींवर हसून पुरेवाट होत असे, तिथे आता गोळ्यांची नावे चालली होती. आणि उसवणी दर थोड्या वेळाने शाईताईकडे बघत होती. शाईताई मान डोलवत होती, बशा पुढे करत होती, हं हं म्हणत होती. ऊन सोफ्यावरून खाली सरकले तरी ती जागची हलली नाही.

शेवटी उसवणीला राहवले नाही. “आणि तुझं काय गं?” तिने विचारले, आवाज शक्य तेवढा मऊ करून. “तुझं काही सांगत नाहीस.”

कात्रीने उसवणीकडे पाहिले, मग शाईताईच्या रुमालाकडे, आणि तिचा चेहरा बदलला. कात्री मूर्ख नव्हती. इस्त्रीबाई शेगडीकडे बघू लागली.

“माझं काय,” शाईताई म्हणाली, “केक छान झालाय.”

ती उठली. सोफ्याचा हात धरून उठावे लागले. तिने कप गोळा केले, एकात एक न घालता ट्रेमध्ये नीट मांडले, आणि स्वयंपाकघरात गेली. नळ सोडल्याचा आवाज आला.

उसवणी मागोमाग गेली. ते स्वयंपाकघर एवढे अरुंद की दोघींना शेजारी उभे राहायचे तर खांद्याला खांदा लागायचा. शाईताईने बाह्या वर केल्या होत्या. मनगटे काटकुळी झाली होती आणि एका हातावर सुईचे निळे-काळे डाग होते.

“अगं, ठेव ते. मी म्हटलं ना मी धुणार.”

“धुऊ दे.” शाईताईने मागे वळून पाहिले नाही. “मी पाहिलं होतं तुला त्या दिवशी. खांबामागून तुझी तपकिरी शाल दिसत होती.”

मग हाक का नाही मारलीस, असे उसवणीने विचारले.

“हाक मारली असती तर तुला सगळं सांगावं लागलं असतं, आणि आज हे असंच झालं असतं.” तिने एक कप उपडा ठेवला. “घरी सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलतात. लेक माझ्या ताटाकडे बघत जेवते. जावई, ज्यानं जन्मात कधी मला विचारलं नाही, तो विचारतो, आई, टीव्हीवर काय लावू? नातीला शिकवून ठेवलंय, आजीच्या अंगावर उडी मारायची नाही. म्हटलं, एक दुपार आहे. उसवणीकडे गेलं की कुणी विचारणार नाही. तिथं नियम आहे. गेला महिनाभर मी या दुपारच्या आशेवर दिवस काढले गं.”

“मला वाटलं, तुला बोलायचं असेल. नियमामुळं तुला बोलता येत नसेल.”

शाईताईने नळ बंद केला आणि पहिल्यांदा तिच्याकडे वळली. तिच्या ओठांवरची लाली चहाने पुसली गेली होती. “बोलायचं असतं तर बोलले असते आणि कप धुतले असते. त्याला काय लागतं? नियमानं कधी कुणाचं तोंड बांधलं होतं?”

रागाने म्हणाली असती तर बरे झाले असते. पण ती ते अगदी साधेपणाने म्हणाली. नियम आहेच त्यासाठी, हे मोठ्या बाईंचे वाक्य उसवणीला आता कुठे ऐकू आले.

तिने फडका घेतला, कप पुसले, ट्रे उचलला आणि बाहेर जाऊन सांगितले की नियम परत चालू झाला आहे, या क्षणापासून. कात्रीने एक क्षण तिच्याकडे पाहिले. मग घसा खाकरून म्हणाली, “हे काय सरकारी फर्मान आहे का? दुपारी काढलं, संध्याकाळी मागं घेतलं. आमच्या मोतीबिंदूचं काय? अर्ध्यातच राहिला तो.”

“धू कप,” शाईताई दारातून म्हणाली.

सगळ्या हसल्या. दुसरी किटली झाली. कात्रीने जिवावर उदार होऊन मोठ्या बाईंची नक्कल केली. इस्त्रीबाईने पिशवीतला तिसरा स्वेटरही अंगावर चढवला. शाईताईने केकचा दुसरा तुकडा घेतला आणि त्यातला थोडा खाल्ला. वरवर पाहता दुपार पुन्हा शिवली गेली होती. पण उसवलेल्या कापडावर आधीच्या सुईची भोके राहतातच. कितीही दाबून इस्त्री केली तरी उजेडात धरले की दिसतात. कुणी हसले की बाकीच्या शाईताईकडे बघत, आणि तिला ते कळे. निघताना तिने उसवणीचा गाल थोपटला आणि म्हणाली, बरा झाला केक. उसवणी जिन्यात उभी राहून तिची पावले ऐकत राहिली. एकेका पायरीवर दोन्ही पाय.

थंडी सरायच्या आत शाईताई वरच्या वॉर्डात भरती झाली. भेटीच्या वेळेला तिघी जात. दाराशी एकमेकींकडे बघून चेहरे नीट करत, आणि आत शिरल्या की कॅन्टीनवाल्याच्या केसांच्या टोपावरून सुरुवात. पहिल्या दिवशी नर्स ताप बघायला आली आणि काल रात्री कसे वाटले म्हणून विचारू लागली, तर कात्रीने तिला गंभीरपणे सांगितले की बाई, तुम्हाला आता कप धुवावे लागतील. शाईताई एवढी हसली की नर्सने तिला पाणी दिले. चादरीवर मात्र तिचा जीव लागेना. आता चादरी बाहेरून येत, कोऱ्या करकरीत, यंत्रावर शिक्का छापलेल्या. हात फिरवून ती म्हणे की मधे शिवणच नाही, पाठीला काही चुकल्यासारखे वाटते.

दुसऱ्या भेटीला उसवणीने घरातली जुनी चादर आणली. धुऊन मऊ झालेली, तिच्याच हातची, मधोमध जोडलेली. लेकीने आणि नर्सने मिळून ती अंथरली. शाईताई तिच्यावर आडवी झाली, पाठ जराशी डावी-उजवीकडे हलवली, शिवण सापडल्यावर थांबली.

त्यानंतर एका दुपारी उसवणी एकटीच गेली होती. इस्त्रीबाईला थंडी वाजत होती आणि कात्रीच्या डोळ्याचे ऑपरेशन त्या दिवशी व्हायचे होते. खिडकीतून ऊन येत होते. उसवणीने शेजारणीच्या मांजराची, सुनेच्या शाळेची, वाढलेल्या भाड्याची बातमी सांगून संपवली. मग ती गप्प बसली. तिने काही विचारले नाही. विचारायचे नाही हे शिकायला तिला सगळा जन्म लागला होता. आता मात्र ते जमले.

शाईताई छताकडे बघत होती.

“मला भीती वाटते गं,” ती म्हणाली.

उसवणीने तिचा हात धरला. ती बोलली, बरेच बोलली. थांबत थांबत, मधे पाणी घेत. रात्रीचे कसे वाटते ते. नातीने अंगावर उडी मारली नाही ते. आपण गेल्यावर लेक ते मोठे कपाट एकटी कसे हलवणार, ते. उसवणी ऐकत राहिली. तिने एकही गोष्ट सरळ करायचा प्रयत्न केला नाही.

बोलून झाल्यावर शाईताईने मान वळवून शेजारच्या टेबलाकडे पाहिले. तिथे तिचा औषधाच्या पाण्याचा कप होता.

“आण तो,” ती म्हणाली.

उसवणीला कळायला थोडा वेळ लागला. मग ती उठली, नर्सकडून एक भांडे मागून आणले, त्यात कोमट पाणी घातले, आणि ते शाईताईच्या मांडीशी धरून बसली. शाईताईने दोन्ही हातांनी कप पाण्यात बुडवला. तिच्या बोटांत ताकद नव्हती, कप सारखा निसटत होता. उसवणीचे हात मदतीला पुढे गेले आणि तिने ते मागे घेतले. शाईताईने कप आतून पुसला, कडेवरून बोट फिरवले, उपडा करून पाणी निथळू दिले. मग तो उसवणीच्या हातात दिला आणि पुन्हा त्या शिवणीवर पाठ टेकली.

चार दिवसांनी ती गेली. चादर लेकीने धुऊन, घडी घालून परत आणून दिली.

पुढच्या हिवाळ्यात किटलीची टोपी उन्हात ठेवली गेली. चहा करावा की नाही, हे कुणी कुणाला विचारले नाही. इस्त्रीबाई शेगडीपाशी बसली, कात्री नव्या डोळ्याने केक निरखून पाहू लागली. केक संत्र्याचा होता. त्या पावाबद्दल बोलल्या, मोठ्या बाईंच्या चपलांबद्दल बोलल्या, या वर्षी थंडी किती याबद्दल तर फारच बोलल्या. किटलीवरचा शिक्का थोडा पुसट झाला होता. त्याच्याकडे पाहायचे टाळत तिघींनी दोन-दोन कप चहा घेतला.

मग इस्त्रीबाई, जिच्यावर कप धुवायची वेळ सहसा येत नसे, ती म्हणाली, “शेवटी शेवटी तिचे हात किती गार असायचे. मला सारखं वाटायचं, माझा एक स्वेटर तिला घालावा.”

“धू कप,” कात्री म्हणाली, आणि तिचा आवाज फाटला. “मी तिला लग्न ठरलंय का विचारलं होतं. लाली बघून. मला काय माहीत, बाई.”

उसवणी म्हणाली, “मी तिची दुपार घेतली.”

कात्रीने उठून ट्रे घेतला. तिघी त्या अरुंद स्वयंपाकघरात शिरल्या, खांद्याला खांदा लावून. एकीने घासले, एकीने खळबळले, एकीने पुसले. पाणी बर्फासारखे होते. गरम पाणी घ्यायचे कुणी सुचवले नाही. इस्त्रीबाईनेही नाही. कप तीनच होते, तरी पुष्कळ वेळ लागला.